वीस पावले

१९८७ सालचा मे महिना होता. नागझिरा अभयारण्याच्या कडेला वसलेल्या एका गावात मी प्राथमिक शिक्षक होतो. हा सारा मुलूख तेव्हा भंडारा जिल्ह्यातच मोडत असे. शाळेला सुट्टी होती, जंगलात तेंदूपत्त्याचा हंगाम सुरू होता आणि गावच्या विहिरीने तळ गाठला होता. एका सकाळी त्या सार्वजनिक विहिरीवर एका दलित स्त्रीला चौघांनी अडवले आणि तिची घागर काठावरून लोटून दिली. मी विजेच्या खांबापाशी उभा होतो. ते मी पाहिले.

नागरी हक्क संरक्षण अधिनियम, १९५५ अन्वये गुन्हा नोंदला गेला. शाळेच्या ओसरीवर बसून मी जबाब दिला. त्यात एक वाक्य होते : ‘विहिरीपासून सुमारे वीस पावलांवर मी उभा होतो.’ पोलिसांपुढील अशा जबाबावर साक्षीदाराची सही घेतली जात नाही. कायद्यानेच ती घ्यायची नसते. सही नाही म्हणून आपण मागे काही ठेवलेले नाही, असा माझा भाबडा समज झाला.

चौथ्या दिवशी चहाच्या टपरीवर त्या चौघांपैकी एकाच्या भावाने माझ्यासाठी बाकावर जागा करून दिली. आवाज अत्यंत नम्र होता. “गुरुजी, वीस पावलं मोजली होती का, का अंदाजानं सांगतलं?”

त्याने धमकी दिली नाही. तशी गरजही नव्हती. माझे वाक्य माझ्या आधी टपरीवर पोहोचले होते, एवढे मला समजले. तो कागद कोणाच्या हातून फुटला, हे मला कधीच कळले नाही.

मी शिक्षक होतो. गावाला माझी थोडीफार गरज होती आणि बदली मागण्याची सोय मला होती. दुसऱ्या साक्षीदाराला यांतले काहीच नव्हते. ती मोलमजुरी करणारी बाई. त्या वेळी रहाटापाशी स्वतःची कळशी घेऊन उभी होती. आठवड्याभरात तेंदूपत्ता खरेदीच्या फळीवरच्या मुनिमाला तिच्या पानांच्या पुड्यांत दोष दिसू लागले. पाने लहान आहेत, पुडे मोजणीत भरत नाहीत, उद्या ये. तेंदूपत्त्याचा हंगाम जेमतेम काही आठवड्यांचा असतो. त्यातला एकेक दिवस म्हणजे पावसाळ्याचा दाणागोटा. न्यायालयात उभी राहिली तेव्हा ती म्हणाली, आपण त्या दिवशी विहिरीवर गेलोच नव्हतो. सरकारी वकिलांनी तिला फितूर ठरवण्याची परवानगी मागितली. फितूर हा शब्द त्या दिवशी मला फार अन्यायकारक वाटला आणि आजही वाटतो. ज्याने कोणी तिचा जबाब बाहेर नेला, त्याच्यासाठी कायद्याच्या भाषेत तेव्हा असा कोणताही तयार शब्द नव्हता.

साक्षीदार पोलिसांना माहिती देतो, असे आपण सहज म्हणतो. वस्तुतः तो त्याहून पुष्कळ मोलाचे काही देतो. ज्यांच्याकडून उसने धान्य आणायचे, ज्यांच्या बांधावरून शेतात जायचे, ज्यांच्या खांद्यावरून एक दिवस स्मशानात जायचे, त्या माणसांमधले आपले स्थान तो तारण ठेवतो. तपास यंत्रणा या ठेवीची विश्वस्त असते. सत्तर उंबऱ्यांच्या गावात नुसते नाव खोडून ही ठेव सुरक्षित राहत नाही. ‘रहाटापाशी कळशी घेऊन उभी असलेली स्त्री’ एवढे शब्द तिच्या नावाइतकेच बोलके होते. महानगरातील साक्षीदार गर्दीत मिसळून जातो. गावातील साक्षीदाराला त्याचे प्रत्येक वाक्य उघडे पाडते.

साक्षीदाराचा जबाब गुप्त राहावा, या म्हणण्याला एक गंभीर आक्षेप आहे आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. ज्याच्यावर आरोप आहे, त्याला आपल्याविरुद्ध कोण काय म्हणतो हे कळलेच पाहिजे. पडद्याआडच्या साक्षीवर माणसाला शिक्षा होऊ लागली, तर तो पडदा उद्या दुर्बळांच्याच विरुद्ध वापरला जाईल. म्हणून दोषारोपपत्रासोबत जबाबांच्या प्रती आरोपीला द्याव्या लागतात. तरीही १९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत, कलम १७३च्या सहाव्या पोटकलमात, लोकहितार्थ जबाबाचा काही भाग त्या प्रतींतून वगळण्याची विनंती दंडाधिकाऱ्यांना करण्याची मुभा तपास अधिकाऱ्याला होती. म्हणजे प्रश्न कायमच्या गुप्ततेचा नाही, काळाचा आहे. जबाब दिल्याच्या क्षणापासून तो न्यायालयात तपासला जाईपर्यंतच्या अंतरात साक्षीदार कोणाच्या आधाराने जगतो? माझे वाक्य आरोपीपर्यंत कधीतरी जाणारच होते. ते न्यायालयाच्या वाटेने जायला हवे होते. गेले टपरीच्या वाटेने.

हे अंतर किती भयानक ठरू शकते, ते याच भंडारा जिल्ह्याने पाहिले. सप्टेंबर २००६च्या आरंभी मोहाडी तालुक्यात शेजारच्या गावच्या एका पोलीस पाटलाला मारहाण झाली. हल्लेखोरांविरुद्ध साक्ष देणाऱ्यांत खैरलांजीच्या भोतमांगे कुटुंबातील आई आणि मुलगी होत्या. २९ सप्टेंबरला आरोपी जामिनावर सुटले. त्याच संध्याकाळी जमावाने आई, मुलगी आणि दोन्ही मुलगे यांची हत्या केली. वाचले ते केवळ वडील, भैयालाल. त्यांनी पुढची अनेक वर्षे न्यायालयाच्या पायऱ्या झिजवल्या आणि २०१७ साली ते गेले. खैरलांजीची चर्चा जातीच्या क्रौर्याची होते आणि ती तशीच व्हायला हवी. परंतु त्या माय-लेकी साक्षीदार होत्या, हे आपण फार लवकर विसरतो. जामिनाचा आदेश आणि ती संध्याकाळ यांमध्ये एक दिवसही गेला नव्हता.

त्यानंतर कायदा बराच पुढे आला, हे मान्य केले पाहिजे. अनुसूचित जाती व जमाती अत्याचार प्रतिबंधक अधिनियमातील दुरुस्ती २६ जानेवारी २०१६ रोजी अंमलात आली. तिने आणलेल्या कलम १५-अ नुसार, लोकांना पाहता येणाऱ्या अभिलेखांत साक्षीदारांची नावे व पत्ते झाकण्याचे आदेश न्यायालय देऊ शकते. महाराष्ट्राने साक्षीदारांच्या संरक्षणासाठी २०१७ मध्ये स्वतंत्र अधिनियम केला. ५ डिसेंबर २०१८ रोजी महेंदर चावला प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने साक्षीदार संरक्षण योजनेला देशभर कायद्याचे बळ दिले. माहितीच्या अधिकारातही, उघड केल्याने कोणाचा जीव धोक्यात येईल अशी माहिती नाकारता येते. मात्र साक्षीदार संरक्षणाच्या त्या योजनेत संरक्षणासाठी अर्ज करावा लागतो. मग पोलीस धोक्याचा अहवाल देतात आणि जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालील समिती निर्णय घेते. फळीवरून पुडे परत आणणाऱ्या बाईने हा अर्ज कोठे लिहावा? आणि मुनिमाच्या मोजणीला धोका म्हणून कोणत्या रकान्यात नोंदवावे?

कायद्याकडे बोट दाखवताना मला स्वतःचीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. पुढे मुख्याध्यापक असताना पोषण आहाराच्या पंगतीत काही मुलांना वेगळे बसवले जाते, अशी तक्रार माझ्याकडे आली. मी मुलांना एकेकटे बोलावून त्यांचे म्हणणे वहीत उतरवले आणि ती वही टेबलावर तशीच ठेवून जेवायला गेलो. परत आलो तेव्हा वही जागेवरच होती, फक्त पान दुसरे उघडले होते. दुसऱ्या दिवशी तीन मुले शाळेत आली नाहीत. मी दुष्ट नव्हतो, भुकेला होतो. बहुतेक जबाब असेच फुटत असावेत : कटाने क्वचित, निष्काळजीपणाने नित्य.

निवृत्तीनंतर एका बुद्धपौर्णिमेला मी प्राणिगणनेसाठी नागझिऱ्यात मचाणावर बसलो. सोबतच्या वनरक्षकाने रात्रभराच्या नोंदींचा तक्ता हाती दिला आणि बजावले, “वाघीण पिल्लांसंगं दिसली तं कागदावर लिवा गुरुजी, गेटवर कोनाले सांगू नका.” पहाटे सांबर, गवे, रानडुकरे यांचे आकडे भरून मी तक्ता त्याच्याकडे दिला. त्याने तो दोनदा दुमडून शर्टाच्या आतल्या खिशात ठेवला आणि वरून गुंडी लावली. इतक्या जपून ठेवलेला सरकारी कागद मी आयुष्यात क्वचितच पाहिला होता.

त्याच सकाळी चोरखमाऱ्याच्या वाटेवर ती भेटली. कळशीवाली. आता पुष्कळ थकलेली, डोक्यावर सरपणाची मोळी. मी थांबलो, तशी तीही थांबली. प्रकृतीची, नातवंडांची चौकशी झाली. मोळी सावरून ती निघाली आणि चार पावलांवरून पुन्हा वळली.

“गुरुजी, त्या कागदावर माजं नाव अजून हाय का?”

खटला केव्हाच संपला आहे, असे मी म्हणालो. तिने ते विचारले नव्हते. माझ्या तोंडाकडे क्षणभर पाहून ती गावाच्या दिशेने चालू लागली.