साखरझोप

म्हातारपणाची वर्दी केसांकडून मिळते, अशी एक समजूत आहे. ती फारशी खरी नाही. कुणाचे केस पंचविशीतच पिकतात आणि कुणाचे कलपाच्या कृपेने कधीच पिकत नाहीत. खरी वर्दी देते ती झोप. एके काळी अंथरुणाला पाठ टेकताच धावत येणारी ही बया हळूहळू मानपान पाहू लागते. उशी बदलली की येत नाही, गाव बदलले की येत नाही, आणि आलीच तर पहाटे चारच्या ठोक्याला न विचारता निघून जाते. वैद्य आपल्या चहातली साखर बंद करतात, त्याच सुमारास वय आपली साखरझोप बंद करते.

सत्तरी ओलांडल्यापासून मीही या चारला उठणाऱ्यांच्या पंथात आहे. या पंथाचे काही आचारधर्म आहेत. पहिला असा, की रात्री कितीही घोरले तरी सकाळी 'डोळ्याला डोळा लागला नाही' असेच सांगायचे. दुसरा असा, की दुपारी वर्तमानपत्र छातीवर घेऊन आरामखुर्चीत डुलकी काढताना कुणी पाहिलेच, तर 'नुसते डोळे मिटले होते' म्हणायचे. कीर्तनाच्या पूर्वरंगातच आमच्या माना डोलू लागतात. त्या भक्तीने डोलतात असे समजण्याचा मोठेपणा शेजारचे दाखवतात, कारण थोड्याच वेळात त्यांच्यावरही तोच प्रसंग यायचा असतो. तिसरा आचारधर्म मात्र इतका निरुपद्रवी नाही. आठ वाजले तरी न उघडलेल्या नातवाच्या दाराकडे पाहून हा पंथ मोठ्या आवाजात म्हणतो, "आम्ही चारला उठतो!"

या वाक्यातला 'उठतो' हा शब्द जरा तपासून पाहावा, असे मला वाटते. आपण उठतो, की उठवले जातो?

दोन्ही डोळ्यांच्या नसा मेंदूत जिथे एकमेकींना ओलांडतात, त्याच्या किंचित वर पेशींचे दोन इवलेसे पुंजके असतात. आपल्या दिवसरात्रीचे घड्याळ ते सांभाळतात. पेशींच्या आत हे घड्याळ कसे चालते, याचा उलगडा केल्याबद्दल हॉल, रॉसबॅश आणि यंग या तीन अमेरिकन शास्त्रज्ञांना २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. हे घड्याळ सोळा-सतराव्या वर्षी मागे पडते आणि उतारवयात पुढे सरकते. म्हणून कॉलेजातल्या पोराला मध्यरात्र झाली तरी झोप येत नाही आणि आजोबांना नऊलाच जांभया येतात. शिवाय वयाबरोबर गाढ झोपेचा वाटा घटत जातो. मांजराने भांडे पाडले तरी तेवढ्याने ती मोडते. झोपेच्या अभ्यासात सारे आयुष्य घालवलेले नॅथॅनिएल क्लाइटमन १९३८ साली आपल्या एका तरुण विद्यार्थ्याला घेऊन अमेरिकेत केंटकीमधल्या मॅमथ केव्ह या गुहेत ३२ दिवस राहिले. तिथे सूर्य नव्हता, आणि चोविसाऐवजी अठ्ठावीस तासांचा दिवस पाळायचा होता. विशीतल्या विद्यार्थ्याचे शरीर त्या दिवसाला रुळले. चाळिशी ओलांडलेल्या गुरूंचे काही केल्या रुळेना. महिनाभर गुहेत राहायला जाणाऱ्या माणसाला निश्चयाची वानवा नव्हती. शरीरच ऐकत नव्हते.

तेव्हा प्रश्न असा, की शरीराने परस्पर केलेल्या गोष्टीचे श्रेय आपण घ्यावे काय? ज्याची भूकच मेली आहे, त्याच्या एकादशीला पुण्य किती लागावे? दात पडल्यावर कडबोळी सोडणाऱ्याला संयमी म्हणायचे काय? उतारवयात असे कितीतरी सद्गुण आयतेच पदरात पडतात. जेवण हलके होते, राग रक्तदाबाच्या भीतीने आवरतो, आणि स्पर्धा करायची ती माणसेही सेवानिवृत्त झालेली असतात. याउलट, रात्री दोन वाजता तान्ह्या मुलाच्या रडण्याने उठणारी आई पाहावी, किंवा रात्रपाळीची परिचारिका पाहावी. त्यांच्या डोळ्यांत झोप मावत नसते आणि तरी त्या जाग्या असतात. त्या जागण्याची किंमत त्यांनी मोजलेली असते.

हिशेब इतका कडक लावला तर जन्मतःच प्रेमळ असलेल्या माणसाला प्रेमाचेही श्रेय उरणार नाही, अशी शंका कुणी घेईल. शंका रास्त आहे. परंतु प्रेमळ माणूस आपल्या प्रेमळपणाची काठी करून दुसऱ्याच्या पाठीत घालत नाही. आयते मिळालेले चांगलेपण खुशाल भोगावे. त्याचे भाडे मात्र दुसऱ्याकडून वसूल करू नये.

आपल्या परंपरेने झोपेला सरसकट अपराध मानले नाही. भगवान विष्णू आषाढी एकादशीला निजतात ते कार्तिकीला उठतात, पण त्यांना कुणी आळशी म्हटलेले नाही. पंढरपूरला विठोबाला रोज शेजारती करून निजवतात आणि काकड आरतीने जागे करतात. यात्रेच्या दिवसांत मात्र देवाचा पलंग काढून ठेवतात. वारकऱ्यांना दर्शन मिळावे म्हणून देव पाठीशी लोड घेऊन रात्रंदिवस उभा राहतो, आणि यात्रा सरली की प्रक्षाळपूजा करून त्याचा शिणवटा घालवतात. ज्याला झोप हवी आहे त्याने ती दुसऱ्यासाठी मोडावी, म्हणजे त्या जागण्याला अर्थ येतो, हे आपल्या लोकांना पूर्वीच उमगले होते.

मग आम्हा चारवाल्यांच्या वाट्याला काहीच तपश्चर्या उरली नाही काय? उरली आहे, आणि ती सोपी नाही. झोपेचा मोह संपला. आता मोह आहे तो आवाजाचा. अंधारात चपला शोधायच्या पण दिवा लावायचा नाही, चहाचे आधण ठेवायचे पण भांडे वाजू द्यायचे नाही, भजने ऐकायची ती आपल्यापुरती. आणि आठ वाजता ते दार उघडले, की 'झाली का झोप?' हा प्रश्न प्रेमाने विचारायचा. हे सारे करताना खरोखरच मनाला मुरड घालावी लागते. त्याचे पुण्य हक्काने घ्यावे.

वर्षातून एक दिवस मात्र आपला. नरकचतुर्दशीला सूर्योदयापूर्वी अभ्यंगस्नान व्हायचे, तर पाणी तापवायला, तेलाची वाटी कोमट करायला, उटणे कालवायला आणि पांघरुणे ओढून साऱ्यांना उठवायला चारला जागे असलेले माणूस घराला हवेच असते. त्या पहाटे आपल्या निद्रानाशाला घरात काम मिळते. ते आनंदाने करावे. फटाके आणि फराळ आटोपून पोरे पुन्हा पांघरुणात शिरली, तर खुशाल शिरू द्यावीत. आपल्याला आरामखुर्ची आहेच. आणि तिथे कुणी पाहिलेच, तर आपण काही झोपलेले नसतो. नुसते डोळे मिटलेले असतात.