ईर्ष्येची जागा

१ ऑगस्ट २०२४ रोजी कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनचे कांस्यपदक मिळवले आणि वाहिन्यांवर कोल्हापूरची माती बोलू लागली. तिथले पाणी, रक्तातली जिद्द, तिरंगा डोळ्यांपुढे आला की हात आपोआप स्थिर होतो, वगैरे. कौतुकाला माझी हरकत नाही. पदक त्याने कष्टाने कमावले आहे. हरकत आहे ती कौतुकाच्या आडून सरकवल्या जाणाऱ्या सिद्धान्ताला, की राष्ट्राभिमान जितका प्रखर तितका नेम अचूक.

हा सिद्धान्त तपासायला ५० मीटर पुरत नाहीत. त्यासाठी १००० यार्डांवर, म्हणजे जवळपास एक किलोमीटरवर जावे लागते. आपल्याकडे जवळजवळ अनोळखी असलेल्या पाल्मा सामन्यात ८००, ९०० आणि १००० यार्डांवरून नेमबाजी होते. रायफलवर दुर्बीण चालत नाही. पुढची-मागची साइट आणि पालथा पडलेला माणूस, एवढेच. एकेका देशाच्या संघात १६ नेमबाज असतात. १००० यार्डांवर गोळी लक्ष्यापर्यंत पोचायला साधारण दीड सेकंद घेते आणि तेवढ्यात वारा तिला ढकलतो. आडव्या वाऱ्याचा वेग ताशी एका मैलाने चुकीचा धरला, तरी गोळी नऊ-दहा इंच सरकते. पाच गुणांचे वर्तुळ असते साधारण वीस इंचांचे. म्हणजे गालाला जेमतेम जाणवेल अशा झुळकेने मधोमध मारलेली गोळी कडेला जाते.

म्हणून सांघिक सामन्यात वारा नेमबाजाने वाचायचा नसतो. ते काम कोचचे. तो शेजारी दुर्बीण लावून बसतो, लक्ष्याच्या अलीकडे नजर रोखून तापलेल्या हवेच्या लाटा कुठे वाहतात ते पाहतो, झेंड्यांकडे पाहतो, आणि साइटची कळ दोन-चार क्लिक फिरवायला सांगतो किंवा हात लांबवून स्वतःच फिरवतो. नेमबाजाने झेंड्यांकडे बघायचेही नसते. कोच ‘मार’ म्हणाला की मारायचे. गोळी गेली की लक्ष्य खाली खंदकात उतरते, भोकात खुणेची चकती बसवली जाते आणि ते पुन्हा वर येते. हे होईपर्यंत नेमबाजाला एकच गोष्ट सांगायची असते: चाप सुटला त्या क्षणी नेम कुठे होता.

या एका वाक्यावर संघ उभा असतो. हात उजवीकडे ढळलेला असताना नेमबाज ‘मधेच सुटली’ म्हणाला, तर कोच त्या चुकीचे खापर वाऱ्यावर फोडतो, साइट हलवतो आणि पुढची चांगली गोळी वाया घालवतो. आपली चूक चार माणसांत, ताबडतोब, रडगाणे न गाता सांगता येणे हे इथले कौशल्य आहे. देशाची इभ्रत माझ्याच खांद्यावर आहे अशा समजुतीने जो पालथा पडला आहे, त्याला नेमके हेच जड जाते. शिवाय छाती धडधडू लागली की तो ठोका दंडाला आवळलेल्या पट्ट्यातून रायफलपर्यंत पोचतो, हे कोणताही नेमबाज सांगेल.

जिद्दवाल्यांकडे एक हुकमी गोष्ट असते आणि ती खोटीही नाही. १८७४ साली न्यूयॉर्कजवळच्या क्रीडमूर रेंजवर आयर्लंड आणि अमेरिका यांचा सामना झाला. आयरिश संघ आदल्या वर्षी विम्बल्डनला एल्को शील्ड जिंकून आलेला. अमेरिकी संघ नवखा. शेवटची गोळी अमेरिकेच्या कर्नल बोडाइन यांची होती. जिंजर बिअरची बाटली फुटून त्यांचा हात कापला होता, रक्त वाहत होते, आणि त्यांनी बुल, म्हणजे लक्ष्याचा मध्य, मारला. अमेरिका ९३४, आयर्लंड ९३१. चित्रपटात शोभेल असाच शेवट आहे. पुढची दीडशे वर्षे हा रक्ताळलेला हात मिरवला गेला.

पण त्याच सामन्यात ९०० यार्डांवर मिलनर नावाच्या आयरिश नेमबाजाने बुल मारला होता, तो शेजारच्या लक्ष्यावर. गुण शून्य. तेव्हा बुलला चार गुण मिळत आणि सामना गेला तीन गुणांनी. म्हणजे त्या गोळीने योग्य फळी गाठली असती तर बोडाइन यांचा हात कापूनही आयर्लंड एका गुणाने जिंकले असते. मिलनरला जिद्द कमी होती का? देशावर प्रेम कमी होते का? नेम तर उत्तमच होता. नव्हता तो शेजारी बसून ‘तुझी फळी ही नव्हे’ म्हणणारा माणूस, आणि आजच्या संघात ते काम कोचचे किंवा नोंद ठेवणाऱ्याचे असते. एकाच सामन्यातल्या दोन गोळ्यांपैकी जी अभिमानाच्या कथेत बसते ती घ्यायची आणि दुसरी विसरायची, याला इतिहासाचा दाखला म्हणत नाहीत. बरे, बोडाइन यांची गोळी रक्तामुळे लागली की रक्त असूनही लागली, एवढे तरी सांगा. मला दुसरे पटते.

 राष्ट्राभिमानावर दुसरा आक्षेप वैराचा: आंतरराष्ट्रीय खेळांतून वैरच वाढते, असे जॉर्ज ऑर्वेलने १९४५ साली बजावले. क्रीडमूरला मात्र आयरिश कप्तान मेजर लीच यांनी प्रतिस्पर्ध्यांना चांदीचा चषक भेट दिला आणि अमेरिकेत लीच कपसाठी आजही नेमबाजी होते.

अभिमानाने नेम सुधारत नाही, मग राष्ट्राराष्ट्रांतली ईर्ष्या निरुपयोगी आहे का? मुळीच नाही. क्रीडमूरच्या त्या सामन्यासाठी लीच यांनी दिलेले आव्हान १८७३ च्या अखेरीस न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रात छापून आले, तेव्हा क्रीडमूरची रेंज त्याच वर्षी सुरू झालेली होती आणि १००० यार्डांचा अनुभव तिथल्या हौशी क्लबकडे नव्हताच म्हटले तरी चालेल. आव्हान स्वीकारले गेले, रेमिंग्टन आणि शार्प्स या कारखान्यांनी त्यासाठी रायफली घडवल्या, आणि वर्षाच्या आत सहा जणांचा संघ उभा राहिला. आव्हानाशिवाय हे झाले नसते. कोल्हापूरचा या ईर्ष्येशी खरा संबंध हवाच असेल तर तोही आहे, आणि मातीपेक्षा भक्कम आहे. कोल्हापूरचे राजाराम महाराज १८७० साली विलायतेला गेले आणि परतताना फ्लॉरेन्सला वारले. १८७१ पासून कोल्हापूरच्या राजाच्या नावाचा कोलापूर कप ब्रिटन आणि वसाहतींच्या संघांत खेळला जाऊ लागला. आठ-आठ जणांचे ते संघ ३००, ५०० आणि ६०० यार्डांवरून नेमबाजी करतात. या चषकासाठी समुद्रापलीकडून माणसे येत, म्हणजे त्याआधी घरी निवड, वर्गणी, सराव सगळे होत असे.

माझे म्हणणे एवढेच, की ईर्ष्येला जागा असते. ती वेळापत्रकात शिरली तर कामाची, हातात शिरली तर घातक. सामन्याच्या तीन-चार वर्षे आधी कप्तान नेमणे, परक्या रेंजवर जाऊन तिथला वारा पाहून येणे, कोच आणि नेमबाज यांच्या जोड्या जुळवून बघणे, न जुळल्या तर मोडणे, या कंटाळवाण्या कामांना ईर्ष्येचे इंधन लागते. या शतकाच्या सुरुवातीपासून पाल्मावर ब्रिटनचा वरचष्मा राहिला, त्याचे कारण मी या कंटाळवाण्या कामांतच शोधतो. ब्रिटिशांना अमेरिकनांपेक्षा देश अधिक प्रिय आहे, असे तर कोणी म्हणणार नाही. पहिली गोळी भरल्यावर मात्र समोर कोणता देश आहे हे विसरता आले पाहिजे.

ऑलिंपिकच्या मिश्र सांघिक प्रकारात दोघांच्या गुणांची बेरीज होते. पॅरिसला मनू भाकर आणि सरबज्योत सिंग यांनी त्यात कांस्यपदक आणले आणि ते मोलाचेच आहे. पण तिथे एकाच्या निर्णयावर दुसऱ्याचा चाप ओढला जात नाही. पाल्मात ओढला जातो, आणि तिथे अव्वल नेमबाजाला आपले वाऱ्याचे ज्ञान गुंडाळून ठेवून दुसऱ्याचे ऐकावे लागते, अनेकदा गुणांमध्ये आपल्या मागे असणाऱ्याचे. गुणतक्त्यातले पहिले सोळा उचलले की संघ झाला असे मानणाऱ्याला ही अडचण दिसतच नाही.

आपल्याकडे कधी कोणी लांब पल्ल्याचा संघ उभा करायचे मनावर घेतले, तर त्यांना एक विनंती. निवड चाचणीच्या आकड्यांनी सुरुवात करू नका. आधी वाऱ्याचा कोच नेमा. मग चाचणीत पहिल्या आलेल्या दोघा-तिघांना बोलावून विचारा, की रायफल बाजूला ठेवून दुर्बिणीमागे बसायला तयार आहात का. त्यांचे उत्तर ऐकून बाकीचा संघ निवडा.