यादीतला तिसरा

कोराडीहून नागपूरला नीटच्या शिकवणीला जाणारी पोरे प्राण्यांची एक यादी घोकत असतात: पोरिफेरा, सीलेंटराटा, टीनोफोरा, प्लॅटिहेल्मिंथिस, आणि असे करत थेट कॉर्डाटापर्यंत. म्हणजे पहिला स्पंज आणि शेवटी आपण. तिसऱ्या नावाबद्दल पाठ करायचे ते थोडकेच आहे. अंगावर कंगव्यासारख्या आठ पट्ट्या, सगळे समुद्रात राहणारे, उदाहरणे प्ल्युरोब्रॅकिया आणि टीनोप्लाना. टीनोफोरा तिसऱ्याच जागी का, हे परीक्षेत कोणी विचारत नाही. मला मात्र त्या अख्ख्या यादीत विचारण्याजोगा प्रश्न तोच वाटतो.

प्ल्युरोब्रॅकिया हा बोराएवढा, काचेसारखा आरपार दिसणारा प्राणी. जेलीफिश अंगाची छत्री मिटत-उघडत पोहते, हा तसे करत नाही. त्याच्या आठ पट्ट्यांवर हजारो सूक्ष्म रोमके असतात आणि ती एकामागून एक लाटेसारखी हलतात. त्यांच्यावर उजेड पडला की इंद्रधनुष्याचे रंग सरकत गेल्यासारखे दिसतात. हा प्राणी दंश करत नाही. दोन लांब शुंडकांवर चिकट पेशी असतात, त्यांनी तो भक्ष्य धरतो. तोंडाच्या विरुद्ध टोकाला रोमकांच्या चार झुबक्यांवर एक बारीक खडा तोललेला असतो, आणि वर कुठे नि खाली कुठे हे त्याला त्या खड्यामुळे कळते. सगळा कारभार असा नेमका, आणि आपण त्याला ‘साधा’ म्हणून मोकळे होतो.

हे ‘साधा’ म्हणणे जुने आहे. ॲरिस्टॉटलपासून युरोपने सृष्टी एका शिडीवर मांडली, खाली दगडधोंडे, वर माणूस. १८२९ मध्ये एशशोल्ट्झ यांनी टीनोफोरांचा वेगळा गट केला, पण पुढे लॉयकार्ट यांनी त्यांना जेलीफिश आणि प्रवाळांबरोबर सीलेंटराटात टाकले. सगळ्यांच्या अंगात पोटाची एकच पोकळी, तेव्हा नातलगच असणार, असा हिशेब. १८८८ मध्ये हाचेक यांनी त्यांना पुन्हा वेगळे काढले.

डार्विननंतर खरे तर शिडी जायला हवी होती. ती गेली नाही, तिला उत्क्रांतीचे नाव मिळाले. पायऱ्या त्याच राहिल्या, फक्त एका पायरीवरून दुसरीवर जाणारा ‘दुवा’ शोधणे सुरू झाले. १८८६ मध्ये कोरोत्नेफ यांनी टीनोप्लानाचे वर्णन केले. हा चपटा, सरपटू शकणारा टीनोफोर. टीनोफोर आणि चपटे कृमी यांच्यामधला पूल सापडला, असे तेव्हा काहींना वाटले. समुद्रात शोधूनही सहजी न दिसणारा हा प्राणी आजही आपल्या पोरांच्या पुस्तकात उदाहरण म्हणून बसला आहे. माझा अंदाज असा, की त्या विझलेल्या कल्पनेचाच हा अवशेष. पूल पडून कितीतरी वर्षे झाली, पाटी तेवढी राहिली.

शिडीचा प्रश्न एकच असतो: कोण किती वर? याहून वेगळा प्रश्न महाराष्ट्रात एका जेलीफिशने विचारायला लावला. मालवणचे शंकर पुरुषोत्तम आघारकर तेव्हा मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात होते. सह्याद्रीतल्या नद्यांच्या गोड्या पाण्यात त्यांना जेलीफिश सापडली. १९११ मध्ये नेल्सन ॲनंडेल यांनी तिला लिम्नोक्निडा इंडिका हे नाव दिले. तोवर या प्रजातीतली जेलीफिश ठाऊक होती ती टांगानिकासारख्या आफ्रिकेतल्या पाण्यातली. ही टीनोफोर नव्हे, दंश करणाऱ्या गटातली. पण आफ्रिकेतल्या तळ्यातली सोयरीक सातारा भागातल्या नदीत कशी, या प्रश्नात वर-खाली काही नाही, फक्त नाते आहे. याच आघारकरांनी पुढे १९४६ मध्ये पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीची स्थापना केली. तिची संशोधन संस्था आज त्यांच्या नावाने ओळखली जाते.

नात्याचा हाच प्रश्न आमच्या उंबरठ्यावर दगडातही आहे. कोराडीजवळच्या सिल्लेवाडा, कामठी भागातल्या खडकांतून हिस्लॉप आणि हंटर या पाद्र्यांनी एकोणिसाव्या शतकात ग्लॉसोप्टेरिसच्या पानांचे ठसे गोळा केले. तीच पाने आफ्रिकेतही सापडतात, कारण तेव्हा ही भूमी एकच होती. कोराडीच्या वीजकेंद्रात जळतो तो कोळसाही त्याच गोंडवन काळातल्या झाडोऱ्याचा. पान ठसा सोडते, लिबलिबीत प्राणी सहसा सोडत नाही. चीनमधल्या चेंगजियांगसारख्या ठिकाणी कँब्रियन काळातले मोजके टीनोफोर मिळाले, पण वंशावळ लावायला तेवढे पुरत नाहीत.

मग जनुके वाचता यायला लागली. २००८ मध्ये केसी डन आणि सहकाऱ्यांनी अनेक प्राण्यांची जनुके ताडून पाहिली, तर प्राण्यांच्या झाडाची सर्वांत आधी फुटलेली फांदी स्पंजाची नव्हे, टीनोफोरांची निघाली. कोणाचा विश्वास बसेना. स्पंजाला चेतापेशी नाहीत, स्नायू नाहीत. टीनोफोरांना दोन्ही आहेत. ते आधी वेगळे झाले असतील, तर एक तर चेतासंस्था दोनदा घडली किंवा स्पंजाच्या पूर्वजांनी ती गमावली. २०१४ मध्ये लिओनिड मोरोझ यांच्या गटाने प्ल्युरोब्रॅकियाचा जीनोम मांडला आणि पहिल्या शक्यतेच्या बाजूने कौल दिला. २०२३ मध्ये गुणसूत्रांवरची जनुकांची मांडणी तपासली गेली, तीही टीनोफोरांच्याच बाजूने गेली. त्याच वर्षी निमिओप्सिस या टीनोफोराच्या चेताजालातले तंतू एकमेकांत विरघळल्यासारखे सलग असल्याचे दिसले. सगळ्या चेतापेशी अशा सलग जोडलेल्या असतात, हे गॉल्जी यांचे म्हणणे. काहाल यांनी ते खोडून काढले होते, आणि १९०६ चे नोबेल दोघांना विभागून मिळाले. स्पंजाला पहिली जागा देणारी विश्लेषणेही येतच असतात, वाद मिटलेला नाही. पण वादाचा निकाल काहीही लागला, तरी ‘साधे ते आधीचे’ हे आता गृहीत धरता येत नाही, सिद्ध करावे लागते.

‘खालच्या पायरी’चा हा निमिओप्सिस काय करू शकतो, तेही पाहण्यासारखे आहे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तो जहाजांच्या तोलपाण्यातून अटलांटिकमधून काळ्या समुद्रात पोचला आणि दशक संपता संपता तिथले प्राणिप्लवक आणि माशांची अंडी खाऊन बेसुमार वाढला. अँचोव्हीची मासेमारी कोसळली. अतिमासेमारीचाही त्यात हात होता, सगळे खापर एकट्यावर फोडायला नको. १९९७ च्या सुमारास बेरोए नावाचा, टीनोफोरच खाणारा टीनोफोर तिथे आला आणि त्यानंतर निमिओप्सिस आटोक्यात आला. त्याला आवरणारा निघाला तो त्याच्याच गोतातला.

अकरावीला जीवशास्त्र शिकवणाऱ्यांना एवढीच विनंती: यादी पाठ करून घ्या, त्याला इलाज नाही. पण त्याआधी फळ्यावर फांद्यांचे झाड काढा, बुंध्याशी स्पंज आणि टीनोफोरा दोन्ही लिहा, आणि आधी कोण फुटले असेल ते वर्गालाच विचारा.