प्रोजेक्टरवरचा मारुती

आमच्या घनसावंगी तालुक्यात पेंटर आता भिंतीवरचा मारुती प्रोजेक्टर लावून काढतात. अंधार पडला की मशीन सुरू, भिंतीवर पडलेल्या चित्रावरून खडूने रेघा, दुसऱ्या दिवशी रंग. समर्थांचं जांब इथून जवळ. मारुतीबद्दल प्रत्येकाला मत असतंच. पारावरचं मत असं, की हे छापणं झालं, यात देव कुठून यायचा?

मी झेडपीच्या शाळेत विज्ञान शिकवलं; चित्रकलेचा तासही माझ्याच गळ्यात असे. बी.एस्सी.ला वनस्पतिशास्त्राच्या प्रॅक्टिकलमध्ये सूक्ष्मदर्शकावर कॅमेरा ल्युसिडा बसवून खोडाचे छेद काढायचो. वोलॅस्टनने 1806 साली पेटंट घेतलं तेव्हा ते यंत्र म्हणजे दांड्यावरचा बारकासा प्रिझम होता. डोळा लावला की छेद कागदावर उमटलेला दिसतो, पेन्सिलीचं टोकही दिसतं. शेजारच्याला मात्र कोरा कागद! प्रोजेक्टरचा मारुती साऱ्या गल्लीला दिसतो.

वेदान्ती पहिल्याला प्रातिभासिक म्हणतील, दुसऱ्याला व्यावहारिक. एक जातो डोळा हलला की, दुसरा लाइट गेली की. (लोडशेडिंगमुळे आमच्याकडे हा सिद्धान्त लवकर पटतो.) सगळ्यांना दिसतं म्हणून ते परमार्थाने खरं, असं शास्त्र मानत नाही.

विद्यारण्यांच्या पंचदशीत 'चित्रदीप' नावाचं प्रकरण आहे. कापड धुवायचं, खळ देऊन घोटायचं, आकृती आखायची, रंग भरायचा. शुद्ध चैतन्यापासून विराटापर्यंतच्या चार अवस्था ते यावरून समजावतात. आखणी म्हणजे सूत्रात्मा. ती मनाने केली की कशावरून बघून, याची चौकशी तिथे नाही, कारण आधार शेवटी कापडच. हाताने काढलेला मारुती तरी त्याहून वेगळा कुठे?

तरी पारावरच्यांचं एक मला मान्य आहे: सगळं काही मशीनने होत नाही. 1833 साली इटलीतल्या कोमो सरोवराकाठी टॅल्बट कॅमेरा ल्युसिडा घेऊन बसला. प्रिझममधून सुंदर दिसलेला देखावा कागदावर काही उतरेना. यंत्राने प्रतिमा दिली, हात दिला नाही. त्या वैतागातूनच तो फोटोग्राफीकडे वळला. आमच्या पेंटरलाही खडबडीत गिलाव्यावर मारुतीचे डोळे कधी नीट मिळत नाहीत. ते तो मशीन काढून ठेवल्यावर, दिवसाउजेडी, सगळ्यात शेवटी नुसत्या हाताने काढतो. मूर्तीच्या प्राणप्रतिष्ठेतही नेत्रोन्मीलन असतंच. देव कुठून येतो हे ज्यांना बघायचंय त्यांनी त्या वेळी यावं. पण गर्दी होते रात्री, मशीनभोवती.