आडवा वारा आणि सरळ वाट

सेवा म्हणून मी लेखांचे मराठी भाषांतर करते. मागे एकदा अगदी साध्या शब्दावर मी अडले. तो शब्द होता ‘अ‍ॅडजस्ट’. त्याचे मराठी ‘जुळवून घेणे’ करावे की ‘तडजोड करणे’? कागदावर दोन्ही चालून गेले असते. पण जगताना या दोन शब्दांत फार अंतर पडते. आपण परिस्थितीप्रमाणे किती वळावे? आणि कुठे वळलो की चुकलो असे म्हणावे?

मला याचे उत्तर माझ्या मामेबहिणीशी बोलताना सापडले. ताई विमान चालवायला शिकते आहे. त्या दिवसांत ती आडव्या वाऱ्यात विमान उतरवण्याचा सराव करत होती.

समोरून वारा असेल तर उतरताना मदतच होते, कारण जमिनीच्या मानाने विमानाचा वेग कमी राहतो. पण वारा धावपट्टीची सोय पाहून वाहत नाही. समजा, धावपट्टी पश्चिमेकडे, म्हणजे २७० अंशांवर आहे आणि वारा नैर्ऋत्येच्या बाजूने, २४० अंशांवरून, २० नॉट वेगाने येतो आहे. कोन ३० अंशांचा झाला. अशा वेळी वाऱ्याचा निम्मा जोर, म्हणजे १० नॉट, विमानाला डावीकडून उजवीकडे ढकलत राहतो. नाक धावपट्टीकडे सरळ धरून बसले तर विमान हळूहळू बाजूला सरकते. म्हणून ६५ नॉट वेगाने येणाऱ्या लहान विमानाचे नाक साधारण ९ अंश डावीकडे, वाऱ्याच्या दिशेने वळवावे लागते.

मी विचारले, “ताई, मग विमान वाकडेच चालते की!”

ती हसून म्हणाली, “अगं, नाक वाकडे असते. वाट सरळ असते.”

पण हे तिरके येणे शेवटपर्यंत चालत नाही. विमान तसेच टेकले तर चाकांवर आडवा ताण येतो. म्हणून टेकण्याआधी पायाने रडर दाबून नाक धावपट्टीच्या रेषेत आणायचे आणि वाऱ्याकडचा पंख थोडा खाली ठेवायचा, म्हणजे वारा विमानाला ढकलून नेत नाही. मग वाऱ्याकडचे चाक आधी टेकते, दुसरे नंतर. एवढ्यावरही काम संपत नाही. वेग कमी होतो तशी पंखांची पकड सैल होते, म्हणून हात वाऱ्याकडे अधिकच वळवावा लागतो. “टेकलो की सुटलो असे वाटते ना, तिथेच आम्ही शिकाऊ चुकतो,” ताई म्हणाली.

आता माझी गोष्ट सांगते. सुट्टीत मी एका कार्यालयात हिशेबाचे काम शिकायला जात होते. तिथे मी बरेच जुळवून घेतले. उशिरापर्यंत थांबले, माझी पद्धत सोडून त्यांची शिकले, बोलणीही ऐकली. त्यात माझे काही बिघडले नाही, उलट मी शिकलेच. मग एके दिवशी काही व्हाउचरांवर मागची तारीख टाकायला सांगितले गेले. “सगळीकडे असेच चालते, जरा अ‍ॅडजस्ट कर.” मी तारीख टाकली. घरी येऊन जेवले, पण घास गोड लागला नाही. उशिरापर्यंत थांबणे आणि खोटी तारीख टाकणे, दोन्हीला मी मनात एकच नाव दिले होते.

ताईच्या बोलण्याने ती गाठ सुटली. वेळ, सवय, बोलण्याची रीत, मानापमान हे आपले नाक आहे. वाऱ्याप्रमाणे ते वळवायला हरकत नाही. जो मुळीच वळत नाही, तो ताठ राहतो खरा, पण नकळत वाटेवरून सरकतो. खरेपणा ही मात्र वाट आहे. आणि सही करण्याचा, शब्द देण्याचा, नोंद करण्याचा क्षण म्हणजे चाक टेकण्याचा क्षण. तिथे तिरके राहून चालत नाही.

पण वाराच आपल्या शक्तीबाहेरचा असेल तर? सेसना १७२ या शिकाऊंच्या ओळखीच्या विमानाच्या पुस्तिकेत १५ नॉट आडव्या वाऱ्यात उतरून दाखवल्याची नोंद आहे. नवशिक्याची मर्यादा त्याहून कमी असते. रडर पूर्ण दाबूनही नाक रेषेत येत नसेल, तर जोर देऊन पुन्हा वर जायचे, फेरी मारायची, गरज पडल्यास दुसरी धावपट्टी गाठायची. याला गो-अराउंड म्हणतात. वैमानिकांमध्ये याला कमीपणा मानत नाहीत. तरी मन म्हणते, एवढे खाली आलो, आता उतरूनच टाकू. वाणिज्य शाखेत आम्ही हेच बुडीत खर्चाच्या धड्यात शिकतो: गेलेला पैसा परत येणार नाही, म्हणून तो पुढच्या निर्णयात धरू नये. परीक्षेत मी हे बरोबर लिहिले होते. कार्यालयात मात्र ‘दोन महिने काढलेत, आता कशाला बिघडवायचे’ असा हिशेब केला.

पुढच्या आठवड्यात पुन्हा तसेच काम आले. मी नम्रपणे म्हणाले, “सर, मी आजचीच तारीख टाकते. उशीर का झाला ते खाली लिहिते.” सर काही बोलले नाहीत. ते काम दुसऱ्याकडे गेले आणि महिनाअखेरीस मलाही यायची गरज नसल्याचे कळवले गेले. प्रमाणपत्र मिळाले नाही. वाईट वाटले, पण त्या रात्री जेवण नीट गेले. पहिल्या दिवशी टाकलेल्या तारखा मात्र अजून माझ्याच अक्षरात तिथे आहेत. ते मी विसरू नये, असे मला वाटते.

आज रात्री झोपण्यापूर्वी आपण सारे दोन मिनिटे शांत बसू आणि स्वतःला विचारू: आज मी कुठे फक्त नाक वळवले? कुठे वाट सोडली? आणि जिथे फेरी मारून वर जायला हवे होते, तिथे केवळ ‘एवढे आलो’ म्हणून उतरत तर नाही ना?

माझे ते भाषांतर अखेर पूर्ण झाले. लेखात तो शब्द दोनदा आला होता. एका ठिकाणी मी ‘जुळवून घेणे’ लिहिले, दुसऱ्या ठिकाणी ‘तडजोड’.