गोठ्यातला पोळा

शिरूर-दौंडकडे बैलपोळा भाद्रपद अमावास्येचा. 2022 मध्ये ती 25 सप्टेंबरला आली, लम्पी या गुरांच्या त्वचारोगाच्या ऐन साथीत. राज्यात जनावरांचे बाजार आणि शर्यती बंद होत्या.

मग मिरवणुकीसाठी वेशीत न नेलेल्या बैलाची पूजा अपुरी राहते का?

लम्पीचा विषाणू माश्या, डास, गोचिडांमार्फत पसरतो. गावभरचे बैल वेशीत खेटून उभे राहिले, की त्याला आयती वाट. म्हणून बैलाला गोठ्यातच ओवाळणं, कानामागची गोचीड वेचणं, तेव्हा लम्पीसाठी दिली जाणारी शेळ्यांच्या देवीची लस टोचून घेणं हीसुद्धा पूजाच; किंबहुना मिरवणुकीपेक्षा खरी. कारण देव मानलेला हा जीव आजारी पडला, तर पेरणी अडते. लागण गायीला होऊन ती आटली, तर दहा दिवसांचा दुधाचा पगार बुडतो, आणि त्यावरच किराण्याची उधारी चालते.