परत न आलेले नऊ

लूककृत शुभवर्तमानाच्या सतराव्या अध्यायातील दहा कुष्ठरोग्यांची कथा आपणां सर्वांच्या परिचयाची आहे. प्रभू येशूने दहा जणांना बरे केले. आभार मानण्यासाठी एकटाच परत आला, आणि तोही परका, शोमरोनी. या कथेवरील प्रवचन बहुधा कृतज्ञतेच्या धड्यावर संपते. आम्हांला मात्र आज त्या परत न आलेल्या नऊ जणांविषयी बोलावयाचे आहे. प्रभूने त्यांची विचारणा केली, त्यांच्या न येण्याची खंतही व्यक्त केली; परंतु दिलेले आरोग्य त्याने काढून घेतले नाही. यहुदी आणि शोमरोनी यांचा एरव्ही एकमेकांशी व्यवहार नसे. त्या सीमेवरच्या गावात दुःखाने त्यांना एकत्र आणले होते, आणि प्रभूने त्यांतून आपले व परके असे निवडले नाही. विभागलेल्या समाजातील तरुणांकडे ख्रिस्तसभेने कोणत्या वृत्तीने जावे, या प्रश्नाचे उत्तर या नऊ जणांपाशी सापडते, असे आमचे मत आहे.

प्रश्न दूरचा नाही, आपल्याच शहराचा आहे. २०११च्या जनगणनेनुसार या शहराची लोकसंख्या पावणेबारा लाखांच्या घरात होती. त्यांत हिंदू निम्म्याहून किंचित अधिक, मुस्लिम सुमारे तीस टक्के, बौद्ध सुमारे पंधरा टक्के. आपण ख्रिस्ती शेकडा एकही नाही. १९८८ साली येथे दंगल पेटली, मे २०१८ मध्ये शहागंज परिसर जळाला, मार्च २०२३ मध्ये रामनवमीच्या आदल्या रात्री किराडपुऱ्यात हिंसाचार झाला. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव १९७८ साली झाला आणि नामविस्तार १९९४ साली. मधल्या सोळा वर्षांत मराठवाड्यातील दलित वस्त्यांनी काय सोसले, हे वडीलधाऱ्यांना सांगावे लागत नाही. २०२३ साली शहराचे नाव बदलले, आणि कोणी कोणते नाव उच्चारतो यावरून माणसाची बाजू ओळखण्याची सवय तरुणांनाही जडली.

याच शहरात तरुणांसाठी मोठी स्वप्ने पाहिली गेली, हेही विसरून चालणार नाही. सरस्वती भुवन संस्थेची परंपरा स्वातंत्र्यापूर्वीची आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० साली येथे महाविद्यालय सुरू केले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झाले. डॉ. रफिक झकेरिया यांनी १९६३ साली मौलाना आझाद महाविद्यालय उभे केले. मिशनच्या शाळांनीही पिढ्या घडविल्या. या सर्व संस्थांची दारे सर्वांना खुली आहेत. तरीही शाळा सुटल्यावर मुले आपापल्या मोहल्ल्यात, नगरात, वसाहतीत परततात आणि दहावीनंतर एका बाकावरचे मित्र एकमेकांना अनोळखी होतात. एकत्र बसणे म्हणजे एकत्र येणे नव्हे.

अशा तरुणांकडे आपण जावे काय, आणि कशासाठी? आपल्यामध्ये याची दोन उत्तरे ऐकू येतात. काही उत्साही मंडळी म्हणतात, “तरुणांना गोळा करा; आज खेळायला येतील, उद्या प्रार्थनेला येतील.” काही सावध मंडळी म्हणतात, “समाजसेवा खुशाल करा, पण प्रभूचे नाव काढू नका. काळ वाईट आहे.” पहिल्या उत्तरात मैत्रीचे आमिष होते, दुसऱ्यात श्रद्धेची चोरी. आम्हांला दोन्ही अमान्य आहेत.

आमिषाचा विचार प्रथम करू. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली धर्मस्वातंत्र्याविषयीच्या आपल्या घोषणापत्रात स्पष्ट बजावले आहे की, श्रद्धेच्या प्रसारात जबरदस्तीचा वा अनुचित प्रलोभनाचा वासही येता कामा नये, आणि गरीब व अशिक्षित यांच्या बाबतीत तर विशेषच जपले पाहिजे. मराठवाड्यात सुवार्ता आणणाऱ्या मिशनऱ्यांचा वारसा येथे आठवतो. १८९२ साली घोगरगावी मिशनकार्य सुरू करणारे धर्मगुरू संत फ्रान्सिस डी सेल्सच्या नावाने चालणाऱ्या संघाचे होते. हा संत १५९४ साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, शाब्ले प्रांतात गेला. तेथील लोक कॅल्विनपंथी झाले होते. त्याच्यासाठी दारे बंद होती. त्याने दारे ठोठावून कोणाला त्रास दिला नाही. पत्रके लिहिली आणि ती दारांच्या फटींतून आत सरकवली. वाचायचे की चुलीत घालायचे, हे घरातल्यांच्या हाती राहिले. पुढे १५९८ साली सव्हॉयच्या ड्यूकने आपल्या सत्तेचे वजन त्या कार्यात टाकले, आणि न वळणाऱ्यांना प्रांत सोडावा लागला. इतिहासाचा हा भागही आपण झाकू नये. दाराखालून सरकवलेला कागद आणि ड्यूकचा हुकूम यांतील फरक हाच सुवार्ता आणि सक्ती यांतील फरक होय. आज आपल्यापाशी ड्यूक नाही; पण शाळेतला प्रवेश, फी-माफी, नोकरीची शिफारस या लहान सत्ता आहेत. त्यांचा एक धागाही आपल्या मैत्रीत गुंफला जाऊ नये.

आता लपवण्याचा विचार. भारतीय राज्यघटनेच्या पंचविसाव्या कलमाने धर्म मानण्याचे, आचरण्याचे व त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य दिले आहे. त्यात दुसऱ्याचे धर्मांतर घडवून आणण्याचा हक्क येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली स्पष्ट केले. यावरून आपण गप्प बसावे असे मात्र निघत नाही. शेजारच्या मुस्लिम तरुणाला आपण प्रार्थना करतो हे ठाऊक असते. बौद्ध तरुणीला आपल्या गळ्यातला क्रूस दिसतो. आपण तो विषय टाळू लागलो की त्यांना संशय येतो, आणि तो रास्तही असतो. जो स्वतःच्या श्रद्धेविषयी बोलत नाही, तो दुसऱ्याला त्याच्या श्रद्धेविषयी मोकळेपणाने बोलू देत नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ साली साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ स्थापन केला, तो बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोघांही येशूभक्तांसाठी. त्यांच्या सर्वच भूमिका आपल्या धर्मशिक्षणात बसणार नाहीत. पण नाव न लपवता आणि दाराला कुलूप न लावता माणसे जमवता येतात, हे त्यांनी याच भाषेत, याच मातीत दाखवून दिले.

आपल्या तरुणांपुढे हा लपवण्याचा प्रश्न फार आधीच उभा राहतो. मराठवाड्यात एकाच आजोबांची काही नातवंडे बौद्ध आहेत तर काही ख्रिस्ती. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या होत्या. १९५६ साली त्या शिखांना आणि १९९० साली बौद्धांना मिळाल्या, ख्रिस्ती दलितांना अद्याप नाहीत. एक चुलतभाऊ आरक्षणाच्या रांगेत उभा, दुसरा त्या रांगेबाहेर. मग कागदावर एक आणि चर्चमध्ये दुसरे अशी ओढाताण सुरू होते. हा अन्याय दूर व्हावा म्हणून आपण झगडलेच पाहिजे. परंतु ज्या मुलाला घरातच आपले नाव हळू उच्चारावे लागते, तो परक्यांसमोर ते सहजपणे कसे उच्चारील, याचाही विचार आपण करावयास हवा. आणि घरचे बोलायचेच तर हेही बोलू : खेड्यातून आलेला मराठी कॅथॉलिक आणि नोकरीनिमित्त वाळूज-चिकलठाण्याला आलेले गोव्याचे, केरळचे कुटुंब एकाच मिस्सेला येतात, पण त्यांची मुले एकमेकांच्या घरी जेवतात काय? लग्न जमविताना जात विचारली जात नाही काय? दुसऱ्यांच्या भिंतींविषयी बोलण्याचा अधिकार या उत्तरांवर अवलंबून आहे.

पालक आम्हांला तीन शंका विचारतात. पहिली : “आधी आपली मुले, मग बाकीचे.” शंका रास्त आहे, पण आपली मुले शेकडा एकाहूनही कमी आहेत. त्यांना उरलेल्या नव्व्याण्णवांबरोबर जगायचे आहे, आणि ते शिकवणे हेच त्यांचे हित आहे. दुसरी : “मुलगी धर्माबाहेर लग्न करील.” ही भीती आम्ही हसण्यावारी नेत नाही. मात्र महाविद्यालय, कारखाना आणि मोबाइल यांनी ओळखी होणारच; त्या पालकांच्या आणि धर्मग्रामाच्या नजरेसमोर, मोकळ्या वातावरणात झालेल्या बऱ्या. ज्या मुलीची श्रद्धा केवळ कुंपणावर उभी आहे, तिची श्रद्धा आपण अजून उभीच केलेली नाही. तिसरी : “आपल्यावर धर्मांतराचा आरोप येईल.” येऊ शकतो. उघडपणे, दोन्ही बाजूंच्या पालकांना सांगून केलेले काम हेच त्यावरचे उत्तर आहे. तेवढ्यानेही आरोप थांबेलच असे नाही. निर्दोष माणसावर आरोप होत नाही, अशी हमी प्रभूने आपणांस दिलेली नाही.

आता करावयाचे काय? उत्तर आयर्लंडमध्ये कॅथॉलिक आणि प्रॉटेस्टंट मुलांच्या शाळाही वेगळ्या. तेथे १९६५ साली रे डेव्ही या प्रेस्बिटेरियन धर्मसेवकाने बेलफास्टच्या विद्यार्थ्यांसह समुद्रकाठी कॉरीमीला हे केंद्र सुरू केले. त्यानंतर अवघ्या काही वर्षांत तेथे हिंसाचार उसळला, साडेतीन हजारांहून अधिक माणसे मेली, १९९८ साली करार झाला. केंद्राचे दार त्या सर्व वर्षांत उघडे राहिले. तेथून आपण एवढे तरी शिकावे की सद्भावना फेरी आणि स्नेहभोजन यांनी भिंत पडत नाही; दार दररोज उघडे लागते. आपल्या धर्मग्रामाचे सभागृह आठवड्यातील बहुतेक दिवस बंद असते. तेथे अभ्यासिका का असू नये? स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी, एका खोलीत चौघे राहणारी खेड्यातली मुले या शहरात थोडी नाहीत. आपल्या युवक-युवतींनी ती चालवावी, सर्व समाजांतील मुलांना कामाची वाटणी द्यावी, रजिस्टरात धर्माचा रकाना ठेवू नये. भिंतीवर क्रूस असावा. कोणी विचारले तर सांगावे. न विचारले तर पाणी पाजावे.

शिवाय आपणही पाहुणे व्हावे. केवळ आपणच बोलवायचे आणि आपणच वाढायचे, यात सूक्ष्म अहंकार असतो. ईदेला, चौदा एप्रिलला, गणपतीत आपल्या तरुणांना मित्रांनी बोलावले तर त्यांनी आपली श्रद्धा सोबत घेऊन, आदराने जावे. याच जिल्ह्यातील पैठणच्या एकनाथांनी हिंदू आणि तुर्क यांचा संवाद भारुडात रचला. वाद घालता घालताही एकमेकांचे ऐकता येते, हे येथे कोणी परदेशातून शिकवायला नको.

२०१८ साली रोम येथे तरुणांविषयी धर्मसभा भरली, तेव्हा तिने एम्माऊसच्या वाटेची कथा समोर ठेवली. त्या कथेतील एक तपशील आपल्या नजरेतून निसटतो. प्रभू त्या दोघांबरोबर चालला, आधी त्यांचे ऐकले, मग बोलला. आणि गाव आल्यावर पुढे जाण्याच्या बेतात होता. त्यांनी आग्रह केला तेव्हाच तो घरात गेला. आग्रह झाला नसता तर? तरीही तेवढी वाट त्याने त्यांची सोबत केलीच असती.

आपल्या कार्याची कसोटी हीच आहे. अभ्यासिकेत दहा वर्षे मुले आली, शिकली, निघून गेली, आणि मंदिराची पायरी एकही चढला नाही, तर आपण ते काम वाया गेले असे म्हणू काय? तसे म्हणणार असू, तर ते काम सुरूच करू नये. कारण मग आपण त्या मुलांना बोलावलेच नव्हते, आपल्या यादीसाठी नावे बोलावली होती. नऊ जण परत येत नाहीत. ते बरे होऊन आपल्या गावी जातात, घर सांभाळतात, लेकरांना कडेवर घेतात. त्यांच्यासाठी आनंद मानता येणे, हीही एक प्रार्थना आहे. ती आपल्या धर्मग्रामाला साधो.